निळं शटर

बुधवार, दुकान बंद करून आल्यावर

शटरला गुलाबी रंग दिला, तो मीच. काहून दिला म्हणून दिवसभर सगळे मलाच विचारून राहिलेत. सेनगावात माझं मॅचिंग सेंटर आहे आणि मला गुलाबी आवडतो. एवढं पुरत नाही का?

सकाळी ह्यांनी सुरुवात केली. "खेड्यावरच्या जीपा निळ्या शटरपाशी थांबतात. आता गिऱ्हाईक पुढं निघून जाईल. निळाच दे परत." मी ऐकलं नाही.

दुपारी मात्र दर सणाला माझ्याकडून अस्तर नेणारी म्हातारी बाजारातून चालत आली आणि दारात उभी राहून मलाच विचारते, "बाई, निळं शटर कुठं हाय वो?"

"हेच की, आजी."

"न्हाई. ते निळं हाय." माझ्या तोंडाकडं बघत पुढं निघून गेली. मला ओळखते, तरी. खरं सांगायचं तर तेव्हा जरा धसका बसला. चुकलं का माझं?

मग पाचच्या सुमाराला जीप आली. डायव्हरनं बराबर माझ्या गुलाबी शटरसमोर ब्रेक मारला आणि ओरडला, "निळं शटरवाले, उतरा." सगळे उतरले. एकानंही वर बघितलं नाही. जीप थांबलेली पाहून म्हातारी मागं आली.

"मंग हेच हाय," म्हणाली आणि अस्तर घेऊन गेली.

ह्यांना सांगून टाकलं, उरलेला निळा रंग घराच्या फाटकाला मारा. पुढच्या दिवाळीला निळं शटर पिवळं करणार आहे.