पंखाच्या आतलं नाव

सोमवार, ३ फेब्रुवारी

ह्यांना आजपासून अर्धी पाळी. भर दुपारी दारात उभे राहिले तेव्हा वाटलं, बरं नाही की काय. "मी बरा आहे. विमान आजारी पडलंय," म्हणाले. हसले, पण डबा तसाच भरलेला परत आला होता.

झालंय असं — मित्रदेशाला आणखी लढाऊ विमानं विकायची परवानगी राजधानीत अडकली. ते घ्यायला तयार, कारखाना द्यायला तयार. पण सरकार उभं आहे एका छोट्या पक्षाच्या टेकूवर. आणि छोटा पक्ष म्हणतो, तो देश स्वतःच्याच डोंगराकडच्या लोकांवर बॉम्ब टाकतो, त्याला विमानं दिलीत तर टेकू काढू. म्हणून प्रकरण समितीकडे. समितीत निम्मे इकडचे, निम्मे तिकडचे, आणि मधोमध आपले खासदार! चार वर्षांपूर्वी ह्याच विक्रीविरुद्ध भाषणं ठोकणारे. आता मे महिन्यात निवडणूक, आणि कारखाना त्यांच्याच मतदारसंघात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

परवानगी नाही आली तर ह्यांचं पंखांचं शॉप बंद. पेन्शन पूर्ण व्हायला दीड वर्ष उरलंय. ह्या वयाच्या जोडाऱ्याला दुसरीकडे कोण उभं करणार?

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दूध निम्मं केलं, सकाळची प्रार्थना दुप्पट केली. "म्हणजे हिशेब जुळला तुझा," हे म्हणाले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज तयार विमानाची चाचणी होती. असं असलं की सगळी गल्ली गच्चीवर जाते. मीही निघाले. पंख ह्यांच्या हातचे, बघायला नको?

जिन्याखाली कोळशाच्या जुन्या पोत्यांमागे काहीतरी हललं. मांजर असेल म्हणून वाकले, तर वरची सिस्टर. आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहते ती. सरकारी दवाखान्यात नर्स आहे. दोन्ही हात कानांवर, गुडघे छातीशी. मला बघून लाजली बिचारी. कपडे झटकत म्हणाली, "काही नाही काकू. सवय."

ती त्याच देशातली, एवढं माहीत होतं. कुठल्या भागातली हे दोन वर्षांत विचारलं नव्हतं. भाडं वेळेवर देते, पाणी जपून वापरते — मला तेवढं पुरलं होतं. आज स्वयंपाकघरात बसवलं, चहा दिला, तेव्हा कळलं. डोंगराकडची.

म्हणाली, "आवाज आधी येत नाही, काकू. आधी विमान जातं. आवाज ऐकू आला म्हणजे आपण वाचलो."

मी म्हटलं, "मग लपलीस कशाला?"

"ते अंगाला कळत नाही."

तिची आई अजून तिकडे आहे. पायात बूट घालून झोपते. धाकटा भाऊ भरदुपारी बाजारात पीठ आणायला गेला, त्याची पिशवी तेवढी मिळाली. विमान कुठलं होतं ते शाळेतल्या पोरांनाही ओळखता येतं, म्हणाली, मागची दोन शेपटं तिरकी असतात.

तिरकी शेपटं आमच्याच विमानाला असतात. तिला ते माहीत आहे, हे मला माहीत होतं. आम्ही दोघी चहाच्या कपाकडे बघत बसलो.

शेवटी मी काय बोलावं? "हे फक्त पंख जोडतात गं."

ती "हो काकू" म्हणाली. एवढ्या मऊपणाने की माझाच जीव कानकोंडा झाला.

बुधवार, १९ फेब्रुवारी

ह्यांच्या शॉपमधला ठोक्या — दिवसभर रिव्हेट ठोकतो म्हणून ठोक्या — संध्याकाळी एका परफ्यूम मारलेल्या माणसाला घेऊन आला. खासदारांचा पीए. आल्या आल्या मला मावशी केलं.

समितीपुढे कामगारांच्या घरची एक बाई साक्षीला हवी आहे. पुढारी नको, शिकलेली नको. "मॅट्रिक झाले आहे मी," मी म्हटलं. "चालेल मावशी, कळू देऊ नका," म्हणाला! हे खाली बघत होते. ठोक्या मात्र खो खो हसला.

मग ठोक्याने ती नावाची गोष्ट सांगितली. पंखाचा शेवटचा पत्रा बसवायच्या आधी जोडारी आतल्या बाजूला पेन्सिलीने घरच्या माणसाचं नाव लिहितो. पंख बंद झाला की ते कुणालाच दिसत नाही. सगळ्या शॉपची रीत. कुणी पोरीचं लिहितो, कुणी आईचं. हे माझं लिहितात. त्या दिवशी घरी येऊन सांगतात, आणि मी त्या पंखासाठी दिवा लावते. चालवणाऱ्याला सुखरूप खाली उतरव, एवढंच मागते.

पीएच्या डोळ्यांत चमक आली. "बस्स. हेच. दुसरं काही बोलूच नका मावशी."

गेल्यावर मी ह्यांना विचारलं, "जाऊ?" म्हणाले, "मी काय सांगू? पोटावर पाय आलाय, आणि तो माझा एकट्याचा नाही. शॉपमधल्या सगळ्यांचा आहे."

शनिवार, २२ फेब्रुवारी

गल्लीत बातमी फुटली. सिस्टरच्या कानावर गेलीच. दवाखान्यातून आली ती थेट माझ्यापुढे. मी भाजी निवडत होते, मान वर केली नाही.

"काकू, तुम्ही जाणार समितीपुढे?"

"बोलावलंय त्यांनी."

"बरं झालं," म्हणाली. "खरंच बरं झालं." आणि माझे बाहेर जायचे कपडे मागून घेतले, इस्त्री करून देते म्हणाली.

मला आधी टोमणा वाटला. पण चेहऱ्यावर तसं नव्हतं. मला तिचं काही कळत नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आज झालं. लिहू की नको करत बसले होते. पण वहीपुढेही खोटं बोलायचं तर मग उरलं काय?

मोठाच्या मोठा हॉल. पुढे अर्धगोल टेबलं. सगळ्यांपुढे पाण्याच्या बाटल्या, एक घोट घेऊन टाकून दिलेल्या. माझ्या हातात पीएने रुमाल दिला होता, डोळ्यांशी न्यायला. मी तो पिशवीत ठेवला. देवाला स्मरून खरं सांगेन, अशी शपथ दिली. ती मी मोठ्याने घेतली, अगदी मनापासून.

नावाची गोष्ट सांगितली. दिव्याची सांगितली. कॅमेरे माझ्याकडे. खरं लिहायचं तर — बरं वाटलं मला. उभ्या जन्मात माझं बोलणं एवढ्या लोकांनी कधी ऐकून घेतलं नव्हतं.

मग छोट्या पक्षाच्या एक बाई होत्या. पांढरे केस, हळू आवाज. त्यांनी विचारलं, "तुमचं नाव पंखात बंद होऊन जातं. कुठे जातं, ठाऊक आहे?"

"मित्राच्या घरी," मी म्हटलं. वाक्य पीएचं होतं. टाळ्या पडल्या.

बाई थांबल्या. टाळ्या संपू दिल्या. मग म्हणाल्या, "सावकाश सांगा. घाई नाही. त्या देशातल्या कुणाशी तुमचं कधी बोलणं झालंय? ही विमानं तिथे काय करतात, हे कुणी तुम्हाला सांगितलंय?"

माझ्याकडे अशा बघत होत्या, जसं आपण पाहुण्याच्या वाटेकडे बघतो.

मी म्हटलं, "नाही. आम्ही घरातली माणसं. आम्हाला कोण काय सांगणार?"

त्यांनी अजून थोडं थांबून पाहिलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुढे काही विचारलं नाही.

परतताना स्वतःला समजावलं, पोरीचं नाव बाहेर आलं असतं, तिला त्रास झाला असता, तिच्यासाठीच बोलले. थाप आहे ही. "हो, सांगितलंय" एवढं म्हणून नाव पोटात ठेवता आलं असतं. मी पेन्शनसाठी बोलले. आणि टाळ्यांसाठी.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

परवानगी मिळाली. एका मताने. ते मत आमच्या खासदारांचं.

टीव्हीवर म्हणाले, "काल दुपारी एका साध्या माउलीने माझे डोळे उघडले." मधेच रुमाल डोळ्यांशी नेला त्यांनी. ते भाषण पीए काल सकाळीच पत्रकारांना वाटत होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माझं बोलणं दुपारी झालं, पण साहेबांचे डोळे सकाळीच छापून तयार होते.

हे म्हणाले, "मत त्यांना बदलायचंच होतं. कुणीतरी बदलायला लावलं असं दिसायला हवं होतं, एवढंच."

म्हणजे मी कशाला गेले होते? बुजगावणं म्हणून?

बुधवार, ५ मार्च

चौकात फलक लागला. भला मोठा. एकीकडे खासदार हात जोडून, दुसरीकडे मी. खाली लिहिलंय, "पंखामागची माउली". रंग लावून माझे गाल गुलाबी केलेत. भाजीवाली म्हणाली, "ओळखूच येईनात हो तुम्ही." माझ्याकडून भाजीचे पैसे घेईना. जबरदस्तीने दिले.

दवाखान्याला जायचा रस्ता त्याच चौकातून. सिस्टर रोज दोनदा माझ्याखालून जाते.

गुरुवार, ६ मार्च

पहाटे प्रार्थनेला बसले. शब्द तोंडपाठ आहेत म्हणून बाहेर पडले. ऐकणारा काही तिथे असावा असं वाटलं नाही. मीही त्याच्या जागी असते तर उठून गेले असते.

बुधवार, १२ मार्च

ठोक्या तणतणत आला. निम्मे पंख दुसऱ्या शहरात करायचं ठरलंय. समितीत इकडच्याच आणखी एका डळमळत्या सभासदाने शेवटच्या दिवशी होकार दिला तो फुकट नव्हता, त्याच्या मतदारसंघालाही काम हवं होतं. तिथे पंख करणारा एकही माणूस नाही. आधी ह्यांनी जाऊन शिकवायचं म्हणे!

"काका, विमान इंधनावर उडतं हे कुणी सांगितलं हो तुम्हाला?" ठोक्या म्हणाला. "मतांवर उडतं. आपण उगाच टाकी जोडतो."

हे हसले नाहीत. पण पाळी पूर्ण झाली आहे. दूध पुन्हा पहिल्यासारखं सुरू केलं.

रविवार, १६ मार्च

ह्यांना सगळं सांगितलं. जिन्याखाली काय दिसलं, चहाला बसवून काय ऐकलं, आणि समितीत काय म्हणाले. इतके दिवस त्यांना ठाऊक नव्हतं, त्यांना वाटत होतं सिस्टर माझ्याशी ह्यावर कधी बोललीच नाही.

जेवता जेवता ऐकत होते. घास हातातच राहिला. मला वाटलं चिडतील, किंवा "जाऊ दे" म्हणतील. त्यांनी ताट उचललं, स्वतः घासलं आणि फिरायला निघून गेले. लग्नाला एवढी वर्षं झाली, त्यांना ताट घासताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मंगळवार, १८ मार्च

"आज नवा पंख बंद केला," हे म्हणाले. मी दिवा लावायला उठले.

"बस. नाव नाही लिहिलं."

"विसरलात?"

"नाही."

शुक्रवार, २१ मार्च

सिस्टरशी बोलायचं रोज ठरवते. आज जिन्यात समोर आली. "काकू, पाठ दुखते का? चालणं वेगळं वाटतंय," म्हणाली. मी पाठीचं सांगत बसले. तिने गोळ्या आणून दिल्या. ती रागावली असती, खोली सोडून गेली असती, तर मला सोपं गेलं असतं. ती तशीच वागते. कुठल्याच गोष्टीचं नाव काढत नाही.

कदाचित तिला मी काय म्हणाले तेच माहीत नसेल. टीव्हीवर तेवढा तुकडा आलाच नसेल. आज दिवसभर ह्या आशेवर काढला. किती हलकी झाले आहे मी!

शनिवार, २२ मार्च

शेवटी तिला खाली बोलावलं आणि सांगून टाकलं. समितीतल्या त्या बाईंनी मला विचारलं होतं आणि मी नाही म्हणाले.

"माहीत आहे, काकू," म्हणाली. "त्या बाईंना मीच गाठलं होतं. तुम्ही जाणार हे कळलं त्याच दिवशी. मी स्वतः पुढे आले तर तिकडे आईला उचलतील. म्हणून सांगितलं, आमच्या काकूंना विचारा, त्यांना सगळं ठाऊक आहे. त्या शपथेवर कधी खोटं बोलणार नाहीत."

मग तिने दोघींचे कप विसळले, पालथे घातले आणि वर गेली.