रामाजी ताशेवाल्यास काही न देण्याबद्दल

मी, कांताबाई देवाजी लोणारे, वय एकाहत्तर, धर्म बौद्ध, धंदा डबे पुरवणे, राहणार नंदनवन, नागपूर, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. शरीराचं मात्र काही खरं नाही. खटल्याची पुढची तारीख मला लाभेल असं डॉक्टरांना वाटत नाही, म्हणून ही घाई. कायद्याची भाषा वकिलांची, बाकीची माझी.

१. राहतं घर मी डब्यांच्या कमाईतून बांधलं. ते माझी धाकटी सून रोशनी, कालकथित अंकुशची पत्नी, हिला पूर्ण मालकीहक्काने देते. अंकुशच्या कर्जाला मी जामीन नव्हते. कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस दारात आला तर रोशनीने सरळ पोलिसांत जावं, कागद दाखवत बसू नये. अंकुश कागदावरच विसंबला. दुकान बुडाल्यावर त्याने कोर्टात नादारीचा अर्ज दिला. निकाल लागेपर्यंत त्याला कोणी त्रास द्यायचा नाही, असा कोर्टाचा हुकूम होता. माझ्या भोळ्या पोराने तो हुकूम दारावर चिकटवला आणि निर्धास्त झाला. तरी कंपनीचा वसुली अधिकारी ताशेवाला घेऊन आला. भर दुपारी दारासमोर ताशा वाजत होता आणि तो अंकुशचं नाव घेऊन ओरडत होता. त्याच आठवड्यात माझ्या पोराने स्वतःला संपवलं. त्या अधिकाऱ्यावर खटला चालू आहे तो याचाच.

२. बँकेतली ठेव थोरल्या पियुषला. तो म्हणाला होता, "आई, कंपनीवाले समझौता करून राहिले. साक्ष ढिली दे नं वं, अंकुश काही वापस येत नाही." अंकुश येत नाही हे मला कोणी सांगायला नको. तरी ठेव त्याचीच. पोटचा आहे, आणि घाबरलेला आहे.

३. मोठी पातेली आणि शेगडी मुलगी मेघाला. ती भंगारात घालेल, माहीत आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. घरात तिचाच आवाज मोठा आहे.

४. शेजारचे मधुकरराव, ताशा वाजत होता तेव्हा, गॅलरीतून मोबाइलवर शूटिंग करत होते. पोलिसांना म्हणाले, मी त्या दिवशी कुही गावाला होतो. आमच्या कुंपणाची लिंबोणी कोणी तोडू नये, पण त्यांना एक लिंबू देऊ नये.

५. आता रामाजी. हा ताशेवाला आमच्याच वस्तीतला, वर्षानुवर्षं माझ्याकडे जेवलेला. अंकुशच्या लग्नात यानेच वाजवलं आणि त्या दुपारीही यानेच. नंतर रडत आला. "वहिनी, बयाणा घेऊन बसलो होतो. घर तुमचं आहे हे मले दारात आल्यावर समजलं."

"मंग वापस काहून नाही गेला गा?"

बयाणा म्हणजे आगाऊ पैसे; तो घेतला की वाजवल्याशिवाय परतायचं नाही, हा त्यांच्या धंद्याचा नेम. तो त्याने माझ्या दारात पाळला. मी त्याला माफ केलेलं नाही.

पण वसुली अधिकारी कोर्टात म्हणतो, ताशा कोणाचा ते मला ठाऊक नाही. बयाणा त्याच्याच हातून मिळाला, हे सांगणारा रामाजी एकटा आहे. धमक्या आल्या, बँडवाल्यांनी काम देणं बंद केलं, तरी त्याने जबाब बदललेला नाही. त्याची साक्ष अजून व्हायची आहे. ती टिकली तर खटला टिकेल.

पुढची खोली त्याला द्यावी असं माझ्या मनात होतं. सरकारी वकील मिनल मॅडम म्हणाल्या, एक चमचाही दिलात तर साक्षीदार विकत घेतला असं कंपनीचे वकील म्हणतील. तेव्हापासून त्याचा डबाही बंद आहे. तो उपाशी असतो, हे मला कळतं. आयुष्यभर लोकांना जेवू घातलं, आणि हाच एक दारावरून जातो तेव्हा मी खिडकी लावून घेते. फार दुखतं.

म्हणून सर्वांस कळावे की रामाजीस मी घर, पैसा, भांडं, अन्न, काहीही दिलेलं नाही व देत नाही. तो जे बोलेल ते फुकट बोलेल. माझ्या तिरडीला त्याने खांदा देऊ नये. लांब उभा राहिला, तर कोणी हाकलू नये.

कांताबाई देवाजी लोणारे (सही)

आमच्यासमोर वाचून सही केली. आम्हांस यातून काही मिळत नाही व आम्ही खटल्यात साक्षीदार नाही.
१. विश्वनाथ गोमाजी ढोके (सही)
२. यमुताई सदाशिव खोब्रागडे (सही)

नंदनवन, नागपूर
दिनांक १९ ऑगस्ट २०२५