छतावरची मोकळी जागा

कोयतेनदाग,
१४ नोव्हेंबर

प्रिय हेमरा,

अनेक आशीर्वाद. आईचेही आहेतच. इस्तंबूलला निघालेल्या ट्रकवाल्याजवळ हे पत्र देते आहे, कारण तुझा फोन लागत नाही. बांधकामावर फोन चालत नसतील, असं मी आईला सांगितलं. गेल्या आठवड्यात तिने तुझ्यासाठी सुके जर्दाळू बांधून ठेवले, तेही पाठवते आहे. मित्रांना वाटू नकोस, ते आयतोबाच असतात.

आपल्या गुहेला अखेर लोखंडी दार बसलं. गुहेची सरकारी राखणदार म्हणून किल्ली माझ्याकडे. नवस बोलून चिंधीत गुंडाळलेला ओल्या मातीचा गोळा छताला मारायचा, चिकटला तर नवस फळणार, हे तुला काय सांगायचं? पण त्या चिंध्यांची बुरशी आतल्या दगडी फुलांवर चढायला लागली होती. डोहातले आंधळे मासे मरून वर येत होते. म्हणून शिडी लावून सगळं छत मीच खरवडलं.

ओराझबिबी मावशी दारातून म्हणाली, "आमचे नवस काढतेस गं, आणि तुझ्या आईचा? का सरकारी ब्रश माणूस बघून चालतो?"

माझं नावच ओगुलगेरेक, 'मुलगा हवा'. एवढं करून भागलं नाही, म्हणून आईने लग्नातल्या लाल रेशमाची चिंधी फाडून गोळा मारला होता. तो चिकटला आणि तू झालास, लाडोबा. मावशीचं तोंड बंद करायला मी तोही काढला. माती अजून ओली होती. गुहेत काही वाळत नाही, असं मी तिला सांगितलं.

त्याच संध्याकाळपासून तुझा फोन लागत नाही.

सगळ्या चिंध्या मी स्वतः जाळल्या आणि कुलूप लावलं. दोन दिवसांनी उघडलं तर गोळे जागच्या जागी होते. त्याच चिंध्या, मावशीची निळीसुद्धा. शिडी माझ्या घरी होती. आत थेंबाचाही आवाज नव्हता. छतावर एकच जागा मोकळी होती, तुझी.

लोकांना दंड करणारी मी, आईच्या पेटीतलं लाल रेशीम फाडून गोळा केला आणि मारला. पडला. खांदा भरून येईपर्यंत मारत राहिले. गोळा छताला लागतो, जरा थांबतो आणि सुटतो. मला फार भीती वाटते आहे, हेमरा.

आजारी असशील, रागावला असशील, काहीही चालेल. काही सुचलं नाही तर कागदावर नुसतं नाव लिहून पाठव.

आई चहा घेऊन आली आहे. विचारते, "कुणाला लिहितेस?" म्हटलं, हेमराला.

"कोण गं हेमरा?" म्हणाली.

तुला अजून न विसरलेली,
तुझी ताई
ओगुलगेरेक