खालचं पोळं

चि. जडेया यास केतम्माअक्काचे आशीर्वाद.

तुझ्या जंगलखात्याच्या साहेबांनी धाडलेली दोन ब्लँकेटं आणि एक कुकर पोचला. किंमत विचारली, तर म्हणाले, "काही नाही, फक्त डोंगर सोडा." फार महाग पडतं, म्हणून परत केलं.

मध काढताना खालचं पोळं अस्वलासाठी सोडायचं, हे तुला अप्पांनी खांद्यावर बसवून शिकवलं होतं. तू मात्र गार्ड झालास आणि तेच पोळं चोरीचा पुरावा म्हणून उचलून नेलंस. मग अस्वल आपला वाटा हुंगत तुमच्या चौकीवर आलं आणि दार मोडून गेलं. आता साहेब अहवालात लिहितात, डोंगरातल्या सोलिग आदिवासींनी मध खाल्ला, म्हणून अस्वलं उपाशी! सासूबाईंनी त्यांना तोंडावर विचारलं, "जबानीवर अस्वलाचा अंगठा घेतलास का रे, मेल्या?"

जंगलावरचा हक्क आम्हाला कायद्याने दिलाय, अस्वलाला मादेश्वराने. आम्ही दोघंही हलणार नाही. येत्या सोमवारी देवाला नारळ फोडून आम्ही बायकामुलांसकट मधाला निघणार.

पोस्टाच्या वाटेवरच्या फाटकाला तू कुलूप घातलंस, म्हणून हे पत्र देव्हाऱ्यात पडून आहे. कुलूप काढलंस की टाकीन. सोमवारी आम्हाला अडवायला तू स्वतः येणार, की दुसऱ्याला धाडणार, ते उलट टपाली कळव.

तुझी अक्का