शेपटीमागून पाहिलेलं विमान

९ जानेवारी, गुरुवार

आज सकाळी आठ वाजता मला जेवणाच्या टेबलावरून हद्दपार करण्यात आलं. आरोप — वरणात स्क्रू. फिर्यादी सीमा, न्यायाधीशही सीमा. सव्वीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला साधा वकील मिळू नये! रिमोटवर उडणाऱ्या माझ्या छोट्या विमानासकट बाल्कनीत रवानगी. बाल्कनी इतकी चिंचोळी की विमानाचं नाक कठड्याला टेकतं, आणि मला उभं राहायला जागा फक्त शेपटीमागे.

१० जानेवारी

मोटर थरथरत होती. प्रोपेलरचं एक पातं जड निघालं. घासलं, आता आवाज सरळ. पंखांखाली दोन बोटं धरून उचललं तर शेपूट खाली. बॅटरी बोटभर पुढे सरकवली, तेव्हा कुठे आडवं राहिलं.

१९ तारखेच्या रविवारी उतईला उडवायचं, धान निघालेल्या शेतात. मी बांधायचं, माझ्या दोस्तानं, प्रफुलनं उडवायचं — वीस वर्षांची वाटणी. पण मागल्या डिसेंबरात नवं विमान उडताच डावीकडे कलंडलं, धुऱ्याच्या बांधावर आदळलं. तेव्हापासून त्यानं रिमोट धरला नाही. "हात थरथरला रे माहा. माफ कर गड्या," म्हणाला होता. मी सगळ्यांसमोर उदार मनानं माफ केलं. वर आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीत त्यावर एक विडंबनही वाचलं. टाळ्या पडल्या.

१२ जानेवारी, रविवार

रुआबांध्याला प्रफुलच्या घरी गेलो, त्याला मनवायला. चहा आला, एकच कप. निघताना सत्यशीलावहिनी फाटकापर्यंत आल्या. "हे लोकाइसमोर चहा नाई घेत आता, भाऊजी. आत बसून घेतात. विमान पडलं तवापासून." डॉक्टरच्या मते कंप किरकोळ आहे. पण त्यानं स्कूटरही विकायला काढली आहे. रेल्वेत तीस वर्षं सिग्नलच्या तारा जोडलेला माणूस!

शेवटी कसाबसा तयार झाला. "येतो. पण हे पडलं त माह्या हातून शेवटचं."

१४ जानेवारी

सर्व्हो जोडले — पंखांच्या कडेच्या पट्ट्या वर-खाली करणाऱ्या काड्यापेटीएवढ्या मोटरी. रिमोटमध्ये मागल्या विमानाची सेटिंग होती, तीच ठेवली. शेपटीमागे उभं राहून दांडी उजवीकडे दाबली. उजवी पट्टी वर जायला हवी. खाली गेली.

पुन्हा दाबली. खाली.

मागल्या वेळी विमान टेबलावर होतं आणि मी नाकासमोर उभा. प्लांटमधल्या नोकरीत उभा जन्म पॅनलकडे तोंड करून गेला, तीच सवय. समोरून त्याचं उजवं ते माझं डावं! दिशा बरोबर होती. मला उलटी वाटली, म्हणून मी ती "दुरुस्त" केली.

प्रफुलनं विचारलंही होतं, "सर्व्हो पाह्यले ना बे?"

"दोनदा," मी म्हणालो होतो.

म्हणजे त्या दिवशी तो उजवीकडे सावरत होता. विमान आणखी डावीकडे जात होतं.

१५ जानेवारी

दिशा सुलटी केली. एक बटण. आता कुणाला काही कळायचं कारण नाही.

१८ जानेवारी

आज सोळा वेळा दांडी दाबून पाहिली. सोळाही वेळा बरोबर.

विमान उद्या छान उडेलही. प्रफुल म्हणेल, नशीब. चहा आतच पीत राहील. आणि सांगितलं तर मंडळात पुढचं विडंबन माझ्यावर. चालही सुचली आहे. मेली चांगली आहे.

१९ जानेवारी, रविवार

उतई. उडवण्याआधीच सांगितलं. माफी त्यानं चारचौघांत मागितली होती, चारचौघांतच परत केली.

प्रफुलनं आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला. "म्हंजे माह्या हातानं नव्हतं पडलं ते."

मग थर्मासमधला चहा मागून घेतला. तिथंच, सगळ्यांत उभा राहून प्यायला. थोडा सांडला. कप माझ्याकडे दिला आणि रिमोटसाठी तोच हात पुढे केला.