दातांना तारा नकोत

सेमीसी,

मी नुकुअलोफाला दाताच्या डॉक्टरांकडे गेलेय. तारा नाही, आवरणंच बसवून घेतेय, एका बैठकीत होतात. काल तू त्यांच्यासमोर म्हणालास, "हिला सगळं आजच्या आज लागतं! अगं लोसे, तारा लाव. दीड वर्षात स्वतःचेच दात सरळ होतील. चांगल्या दातांवर पांढरी आवरणं कशाला थापायची?" डॉक्टरही हसले. तुझं बरोबर होतं, मीही तोंडावर हात धरून हसले.

अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवून ठेवलीत, खा. सिसीलियाला शाळेतून आण, पण तिला इतक्यात काही सांगू नकोस.

तुझ्या आईच्या थडग्यावरचा फोटो पार रस्त्यावरून दिसतो. आपल्याकडे सगळ्यांचेच तेवढे मोठे लावतात. माझा एकही फोटो तोंड मिटल्याशिवाय काढलेला नाही, लग्नातलासुद्धा. पोरगी तिथे फुलं घेऊन येईल तेव्हा तिला आई हसताना दिसू दे.

मोठ्या इस्पितळातून आलेला कागद बायबलमध्ये आहे. गेल्या सोमवारीच आला. रोज सांगायला जायचे आणि नेमका तू काहीतरी विनोद करायचास. वाच म्हणजे कळेल, दीड वर्ष माझ्याजवळ नाही.

वाचून झालं की मला घ्यायला ये. रडत येऊ नकोस. एखादा विनोद कर. मला एकदा तोंडावर हात न धरता हसायचंय.

लोसे