म्हाळसा नसलेला खंडोबा

११ नोव्हेंबर २००१, रविवार

तलवारच नाही!
दिवाळीसाठी देव चिंच लावून घासायला बसले, तेव्हा लक्षात आलं. देवघरातला खंडोबाचा सोन्याचा टाक – घोड्यावर स्वार, उजवा हात वर, पण हात रिकामा. मागे म्हाळसा नाही, खाली कुत्रा नाही. सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, "म्हाळसा रुसून गेली म्हनतात. माह्या आजेसासूच्याबी आधीपासून."
हळदीचा थर निघाला तशी कडेला अक्षरं दिसली. रोमन!

१२ नोव्हेंबर

मागच्या बाजूला एका पुरुषाचं डोकं, कपाळाला मोत्यांची पट्टी. घोड्याखाली तीन अक्षरं – ए, एन, टी. म्हणजे सीरियातल्या अँटिऑक शहराची टांकसाळ. हा खंडोबा नाही. रोमचा बादशहा आहे, शहरात मिरवत येतोय! निदान सोळाशे वर्षांपूर्वीचा.

१८ नोव्हेंबर

काल आमच्या पुरातत्त्व खात्याच्या ऑफिसातून काटा आणला. वजन रोमन मोहरेच्या साडेचारपट! हे बाजारात चालणारं नाणं नव्हेच. असली नाणी बादशहा खास सरदारांना भेट म्हणून द्यायचा. जगात फार थोडी उरली असतील – आणि त्यातलं एक रायपुरात, आमच्या तात्यापाऱ्यात रोज दूधसाखरेचा नैवेद्य खातंय! फोटो काढून पुण्याला, मला नाणेशास्त्र शिकवणाऱ्या सरांना पाठवले. घरी कोणाला बोलले नाही. नवऱ्यालाही नाही. आधी खात्री.

२ डिसेंबर

चुलतसासरे श्यामराव जेवायला होते. "रायपूर राजधानी झाली, एवढी ऑफिसं उघडली, अन् सूनबाईले काम काय भेटलं? जुनी चिल्लर मोजाचं!" सगळे हसले. निरंजन तर ठसका लागेपर्यंत. नवरा म्हणे!
हसा. चंपाषष्ठीला सगळं कुटुंब जमेल. आरती झाली की उभी राहून सांगणार आहे.
सकाळी भिंग घेऊन देवघरात बसले होते. सासूबाई मागे येऊन उभ्या. "काय पाहून राहिली वो पोरी, रोज रोज?" काहीतरी सांगायचं म्हणून म्हटलं, "नाक-डोळे झिजलेत, आई. नीट दिसत नाहीत." "हव," म्हणाल्या, आणि टाक उचलून स्वतःच उजेडात निरखू लागल्या.

११ डिसेंबर

सरांचा फोन! "अनुश्री, अस्सल दिसतंय. या साच्याचं दुसरं माझ्या पाहण्यात नाही. मूळ नाणं घेऊन ये."
मी ओळखलं. मी! सगळ्यांसमोर रडायला नको म्हणून जिन्यात जाऊन रडले. ऑफिस सुटल्यावर उगीचच समता कॉलनीपर्यंत स्कूटी फिरवली आणि पेढे घेतले. घरी विचारलं, कशाचे? म्हटलं, षष्ठीला कळेल. सासूबाई गालातल्या गालात हसल्या. "माह्याकडंबी तुह्यासाठी गंमत हाय."

१४ डिसेंबर

उद्या खंडोबाचं नवरात्र बसणार. ऑफिसातून आले तशी सासूबाईंनी तळहातावर टाक ठेवला. लखलखीत. सोनाराकडे वितळवून नवा पाडून आणलाय.
"तुले नाक-डोये दिसत नव्हते ना? आता पाह्य. सोनं तेच हाय, समोर बसून करून घेतलं. तलवार, कुत्रा – अन् म्हाळसाबी परत आली!"
इतक्या खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. म्हटलं, छान झालाय, आई.